आज्ञा, पत्ता आणि कुलूप : रिमोट कंट्रोलची सव्वाशे वर्षे

चार मजली इमारतीत वीस बिऱ्हाडे असतील, तर संध्याकाळी तासाभरात तिथे कितीतरी वेळा रिमोटची बटणे दाबली जातात. तरीही पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी बातम्या लावल्या म्हणून दुसऱ्या मजल्यावरची मालिका बंद पडत नाही. असे का होत नाही, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. ‘प्रत्येक टीव्हीचा रिमोट वेगळा असतो,’ हे उत्तर हमखास येईल. ते अर्धेच खरे आहे. एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे दोन संच शेजारी ठेवले तर एका रिमोटने दोन्ही चालू होतात. मग घराघरांतला गोंधळ टाळतो कोण? उरलेल्या अर्ध्या उत्तराचे नाव आहे भिंत.

दुरून यंत्र चालवण्याचा इतिहास तीन प्रश्नांभोवती फिरतो. आज्ञा कशावर स्वार होऊन जाते? ती किती दूर पोहोचते? आणि ऐकणारे यंत्र ती आपल्यासाठीच आहे, योग्य माणसाकडूनच आली आहे, हे कसे ओळखते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विसाव्या शतकात अनेकदा बदलली. तिसरा प्रश्न मात्र बराच काळ बाजूला राहिला, कारण ते काम घराची भिंत फुकटात करत होती. आज हातातला फोनच रिमोट झाला आहे आणि त्याची आज्ञा भिंत ओलांडून जाते. त्यामुळे हा तिसरा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला आहे.

भिंतीपलीकडची घंटा

हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस विद्युतचुंबकीय तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक जाहीर प्रयोग केला. त्यांनी सोडलेले सूक्ष्मतरंग मधल्या भिंती पार करून गेले, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. बसूंचा हेतू या तरंगांचे गुणधर्म दाखवण्याचा होता. परंतु तारेशिवाय, भिंतीआड असलेल्या वस्तूकडून काम करून घेता येते, ही गोष्ट त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

१८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात एक छोटी लोखंडी बोट पाण्यात सोडली. तिला तार नव्हती, आत माणूस नव्हता. टेस्ला दूर उभे राहून तिचे सुकाणू फिरवत, तिचे दिवे लावत आणि विझवत. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्यांना या कल्पनेचे अमेरिकन पेटंट मिळाले. बोटीतला ग्राहक साधा होता. धातूचा कीस भरलेली नळी एरवी विजेला अडवते, पण रेडिओ तरंग येऊन आदळला की तिच्यातून वीज वाहू लागते. प्रत्येक तरंगासरशी आतली तबकडी एक घर पुढे सरके आणि त्या घराला नेमून दिलेले काम होई.

या रचनेतली अडचण टेस्लांच्या लगेच लक्षात आली. कीस भरलेल्या नळीला आपला तरंग आणि परका तरंग यांतला फरक कळत नाही. जवळपास कुणीही ठिणगी पाडली की बोट वळणार. यावर त्यांनी काढलेला उपाय १९०० साली पेटंटसाठी दाखल झाला आणि १९०३ मध्ये मंजूर झाला. दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे तरंग एकाच वेळी आले तरच यंत्राने हालचाल करायची. एकटा कुठलाही तरंग आला तर स्वस्थ बसायचे. बँकेतला लॉकर दोन किल्ल्या लागल्याखेरीज उघडत नाही, तसेच हे. आज डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण ‘अँड’ द्वार शिकवतो, त्याचे तर्कशास्त्र हेच. दूरनियंत्रणाच्या जन्माबरोबरच कुलपाचा विचारही जन्माला आला होता.

त्याच सुमारास स्पेनमध्ये लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्याने ‘टेलेकिनो’ नावाचे यंत्र बनवले. त्यात तरंगांचे किती स्पंद आले यावरून कोणती आज्ञा आहे ते ठरे. म्हणजे पुढची आज्ञा मागच्या आज्ञेवर अवलंबून राहिली नाही. हवी ती आज्ञा केव्हाही देता येऊ लागली. १९०६ मध्ये बिल्बाओच्या बंदरात राजा तेरावा अल्फोन्सो याच्यासमोर त्यांनी किनाऱ्यावरून बोट चालवून दाखवली.

घरात आलेला रेडिओ आणि शेजारी

सुरुवातीची ही यंत्रे बोटींसाठी होती. घरातल्या करमणुकीच्या साधनाला दूरनियंत्रण जोडण्याचा एक धीट प्रयत्न अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने केला. १९३९ सालच्या नमुन्यांसाठी तिने ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची लाकडी पेटी बाजारात आणली. पेटीवर जुन्या टेलिफोनसारखी तबकडी होती. हव्या त्या स्टेशनच्या भोकात बोट घालून तबकडी फिरवायची. ती मागे येताना ठरावीक संख्येचे स्पंद रेडिओ तरंगांवरून जात आणि दुसऱ्या खोलीतला रेडिओसुद्धा स्टेशन बदले. तोरेस केवेदो यांची स्पंद मोजण्याची कल्पना इथे दिवाणखान्यात आली होती.

पण रेडिओ तरंग जसे दुसऱ्या खोलीत जातात, तसेच शेजाऱ्याच्या घरातही जातात. म्हणून फिल्कोचे संच थोड्या वेगवेगळ्या वारंवारतांवर लावलेले असत. वस्तू महाग होती आणि थोड्याच वर्षांत ती मागे पडली. तिने शिकवलेला धडा मात्र पुढच्या अभियंत्यांच्या लक्षात राहिला. घरातली आज्ञा घरातच थांबली पाहिजे.

जाहिरातींचा वैरी

टीव्हीच्या रिमोटचा इतिहास बराचसा एका माणसाच्या चिडीतून घडला. शिकागोच्या झेनिथ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅक्डॉनल्ड यांना टीव्हीवरील जाहिराती अजिबात सहन होत नसत. जाहिरात लागली की खुर्चीतून न उठता तिचे तोंड बंद करता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० मध्ये झेनिथने ‘लेझी बोन्स’ हा पहिला प्रयत्न केला. यातल्या आज्ञा तारेतून जात. तार जमिनीवरून खुर्चीपर्यंत आलेली असे आणि घरातली माणसे तिला अडखळत.

१९५५ मध्ये कंपनीतले अभियंते यूजीन पॉली यांनी तार काढून टाकली आणि प्रकाश वापरला. त्यांचा ‘फ्लॅश-मॅटिक’ म्हणजे पिस्तुलाच्या आकाराची बॅटरी होती. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी घट बसवलेले होते. एका कोपऱ्यावर झोत टाकला की संच चालू किंवा बंद होई, दुसऱ्यावर टाकला की आवाज बंद होई, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांनी वाहिनी पुढे-मागे सरके. प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा प्रश्न सुटला.

पण दुसरा प्रश्न उभा राहिला. खिडकीतून येणारे ऊन कोपऱ्यावर पडले की संच आपोआप वाहिनी बदले. टेस्लांच्या बोटीचेच हे दुखणे होते. ग्राहकाला फक्त ‘प्रकाश आला’ एवढेच कळे. तो कुणाचा, हे कळण्याची सोयच नव्हती. आज्ञा घरात राहिली खरी, पण तिच्यावर पाठवणाऱ्याची काही खूण नव्हती.

वाजणाऱ्या कांड्या

आता हे काम झेनिथमधलेच रॉबर्ट ॲडलर यांच्याकडे आले. ॲडलर १९१३ मध्ये व्हिएन्नात जन्मले, तिथल्याच विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि नाझी राजवटीमुळे युरोप सोडून ते अमेरिकेत आले. रेडिओ तरंग नकोत, कारण ते भिंत ओलांडतात. साधा प्रकाश नको, कारण ऊन आहे. ऐकू येणारा आवाज नको, कारण टीव्ही स्वतःच बोलत असतो. शिवाय कंपनीच्या विक्री विभागाची एक अट होती. रिमोटमध्ये विजेचे सेल असू नयेत. सेल संपले तर गिऱ्हाईक म्हणेल, टीव्हीच बिघडला.

ॲडलर यांचे उत्तर होते श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेचा ध्वनी. १९५६ मध्ये आलेल्या ‘स्पेस कमांड’ रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. बटण दाबले की एक छोटी हातोडी कांडीच्या टोकावर आपटे आणि कांडी लांबीच्या दिशेने कंप पावे. सेल नाहीत, तार नाही. ऊर्जा सगळी अंगठ्याची.

ही कांडी किती लांब असावी, याचे गणित नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकतो. मध्यभागी धरलेली कांडी मूळ सुरात कंप पावते तेव्हा तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी असते. बारीक ॲल्युमिनियम कांडीतून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. कांडी अडीच इंचांची, म्हणजे ६.३५ सेंटिमीटरची असेल, तर तरंगलांबी १२.७ सेंटिमीटर. ५,००० ला ०.१२७ ने भागले की वारंवारता येते सुमारे ३९,४०० हर्ट्झ. ॲडलर यांच्या कांड्या खरोखरच सुमारे अडीच इंचांच्या होत्या आणि त्यांची वारंवारता ४०,००० हर्ट्झच्या आसपास होती. चारही कांड्यांच्या लांबीत किंचित फरक ठेवला, की चार वेगवेगळे सूर, म्हणजे चार वेगवेगळ्या आज्ञा मिळत.

संचाच्या बाजूला मात्र हे काम सोपे नव्हते. ध्वनी पकडून त्यातले सूर वेगळे करण्यासाठी सहा जादा व्हॉल्व्ह लागत आणि संचाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे. तरीही हे तंत्र जवळजवळ पंचवीस वर्षे टिकले. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर कांड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मंडले आली, पण माध्यम ध्वनीच राहिले. त्याचेही दोष होतेच. किल्ल्यांचा जुडगा वाजला, नाणी खुळखुळली, कुत्र्याच्या गळ्यातली साखळी हलली, तरी कधीकधी वाहिनी बदले, कारण धातू धातूवर आपटला की श्राव्यातीत सूरही निघतात. सूर ही उन्हापेक्षा चांगली खूण होती, पण एकच सूर ही काही पक्की खूण नव्हे.

पॉली आणि ॲडलर या दोघांनाही १९९७ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणी अकादमीचा एमी पुरस्कार मिळाला.

अदृश्य प्रकाशाची लिपी

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापी ठेवली, तर तिथे रंग दिसत नसूनही पारा चढतो, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली दाखवले. या अवरक्त किरणांचा सोयीचा स्रोत मिळायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९६१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जेम्स बायर्ड आणि गॅरी पिटमन यांना आढळले, की गॅलियम आर्सेनाइडचा डायोड वीज दिल्यावर अवरक्त किरण बाहेर टाकतो. अवरक्त एलईडीचा हा आरंभ.

गरज दुसरीकडून आली. १९७४ मध्ये ब्रिटनच्या बीबीसीने ‘सीफॅक्स’ ही सेवा सुरू केली. टीव्हीच्या पडद्यावर बातम्या, हवामान अशी पाने वाचता येत आणि प्रत्येक पानाला तीन आकडी क्रमांक असे. चार सुरांच्या रिमोटने पान क्रमांक कसा मागणार? शून्य ते नऊ बटणे हवीत, शिवाय इतर आज्ञा. वेगवेगळ्या सुरांऐवजी आता आज्ञा लिहून पाठवण्याची लिपी हवी होती. एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकू शकतो, म्हणून तो या कामाला योग्य ठरला. १९८० च्या दशकात अवरक्त रिमोट सर्वत्र पसरला.

उन्हातही भरपूर अवरक्त असते. मग फ्लॅश-मॅटिकची फजिती पुन्हा का झाली नाही? कारण रिमोटचा एलईडी नुसता पेटत नाही. पेटलेला असताना तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. टीव्हीतला ग्राहक फक्त याच गतीच्या लुकलुकण्याची दखल घेतो. ऊन कितीही प्रखर असले तरी ते असे लुकलुकत नाही. ३८,००० हा आकडा कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. रेडिओ संचांसाठी ४५५ किलोहर्ट्झचे कंपक मोठ्या प्रमाणावर बनत असल्याने ते अतिशय स्वस्त होते. ४५५ ला १२ ने भागा. उत्तर सुमारे ३८ येते. पुष्कळदा तंत्रज्ञानातले आकडे असे बाजारात काय स्वस्त मिळते त्यावर ठरतात.

या लुकलुकण्यावर लिपी कशी लिहितात? जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत फार लोकप्रिय आहे. सुरुवातीला ९ मिलिसेकंद एलईडी लुकलुकतो आणि नंतर साडेचार मिलिसेकंद शांतता असते. हा झाला ‘ऐका’ असा इशारा. पुढे ३२ अंक येतात, प्रत्येक शून्य किंवा एक. शून्याला १.१२५ मिलिसेकंद लागतात आणि एकाला दुप्पट, २.२५ मिलिसेकंद. पहिले आठ अंक म्हणजे पत्ता, कोणत्या प्रकारच्या उपकरणासाठी संदेश आहे तो. नंतरच्या आठ अंकांत तोच पत्ता उलटा करून येतो, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग आठ अंकांची आज्ञा आणि पुन्हा तिचे उलटे रूप. आठ द्विमान अंकांतून २५६ वेगवेगळे पत्ते आणि तितक्याच आज्ञा मिळतात.

उलटे रूप कशासाठी? मूळ आणि उलटे जुळले नाही, तर वाटेत चूक झाली असे समजून संच ती आज्ञा सोडून देतो. यातून आणखी एक गंमत निघते. प्रत्येक संदेशात १६ शून्ये आणि १६ एक असणारच. त्यामुळे वेळ होतो १३.५ + १८ + ३६, म्हणजे ६७.५ मिलिसेकंद. बटण कोणतेही दाबा, संदेश तेवढ्याच वेळात संपतो.

एवढी सगळी शिस्त असूनही एक गोष्ट या लिपीत नाही. तिच्यात पत्ता आहे, कुलूप नाही. पाकिटावर नाव लिहिले म्हणजे पाकीट दुसऱ्याला उघडता येत नाही असे नव्हे, तसेच हे. एका बनावटीच्या सगळ्या संचांचा पत्ता एकच असतो आणि आज्ञा देणारा घरचा की बाहेरचा, हे संच कधीच विचारत नाही. २००४ मध्ये मिच ऑल्टमन या अमेरिकन संशोधकाने ‘टीव्ही-बी-गॉन’ नावाचे किल्लीच्या जुडग्याएवढे यंत्र विकायला आणले. बटण दाबले की ते अनेक कंपन्यांच्या टीव्हींची ‘बंद हो’ ही आज्ञा एकापाठोपाठ एक सोडे. उपाहारगृहातला कलकलणारा टीव्ही बंद करण्याची ती गमतीदार युक्ती होती. तिने सिद्ध केले ते असे, की अवरक्त रिमोटची सुरक्षितता लिपीत नव्हती, भिंतीत होती.

आपल्याकडे रिमोट केव्हा लागला?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच, तीही दिवसातले काही तास. संचाला खटखट आवाज करत फिरणारे बटण होते, पण वाहिनी बदलण्यासाठी ते फिरवण्याचे कारणच नव्हते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, तरी वाहिन्या मोजक्याच राहिल्या. १९९१ मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये झी टीव्ही आला, गच्च्यांवरून केबल फिरल्या, आणि वाहिन्यांची संख्या वाढत गेली. मग रिमोट चैनीची वस्तू न राहता गरजेची झाली. साधन आधी येते की गरज आधी, याची चर्चा करायला हे चांगले उदाहरण आहे.

अलीकडे रिमोट छताच्या पंख्यापर्यंत पोहोचला आहे. मुंबईच्या आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने ब्रशविरहित मोटरचे, कमी वीज खाणारे पंखे लोकप्रिय केले. अशा पंख्यात वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आतच असते, त्यामुळे त्याला रिमोट जोडणे सोपे जाते.

फोन रिमोट होतो

उपकरणे वाढली तसे रिमोटही वाढले. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्निअक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा रिमोट बाजारात आणला. दुसरा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबले की तो त्या लुकलुकण्याचा नमुना लक्षात ठेवी आणि पुढे स्वतः तसाच लुकलुके. रिमोट आता शिकू लागला. म्हणजेच रिमोटच्या आत एक लहानसा संगणक आला. मग उलटाही विचार शक्य झाला: हातातल्या संगणकालाच रिमोट का करू नये?

१९९३ मध्ये इन्फ्रारेड डेटा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि पुढे अनेक हातसंगणकांवर व मोबाइल फोनवर अवरक्त खिडकी आली. ती मुख्यतः दोन यंत्रांत माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी होती आणि तिचा पल्ला सुमारे एक मीटरचा धरलेला होता. हौशी लोकांनी तिचा रिमोट म्हणून वापर करून पाहिला, पण खुर्चीपासून टीव्हीपर्यंतचे अंतर तिला जड जाई.

२०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस४ आणि एचटीसी वन हे फोन खास रिमोटसाठी बसवलेला अवरक्त एलईडी घेऊन आले. त्याच वर्षी अँड्रॉइड प्रणालीच्या ४.४ या आवृत्तीत अशा एलईडीला आज्ञा देण्याची अधिकृत सोय झाली. आता कोणत्या कंपनीच्या उपकरणाचा पत्ता काय आणि आज्ञा कोणत्या, याची यादी फोनमध्ये असली की एकच फोन टीव्ही, एअर कंडिशनर, पंखा अशा सगळ्यांचा रिमोट होई. शाओमीने पुढेही आपल्या अनेक फोनांत हा एलईडी ठेवला. सॅमसंगने २०१६ च्या गॅलेक्सी एस७ पासून तो काढून टाकला. ॲपलने आयफोनमध्ये असा रिमोटचा एलईडी कधी बसवलाच नाही.

ॲपलची वाट वेगळी होती. २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले तेव्हाच त्यावर ‘रिमोट’ नावाचे ॲप होते. ते ॲपल टीव्ही आणि संगणकावरील संगीत चालवी, पण अवरक्ताने नव्हे, वाय-फायने. २०१३ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट आले. टीव्हीच्या पाठीमागे खोचायच्या या छोट्या उपकरणाबरोबर रिमोटच दिलेला नव्हता. फोन हाच रिमोट. फोन फक्त ‘अमुक चित्रफीत दाखव’ असे सांगे आणि क्रोमकास्ट ती स्वतः इंटरनेटवरून आणून दाखवी. ‘आवाज वाढव’ या आज्ञेपासून ‘हे शोधून आण’ या आज्ञेपर्यंतचा हा प्रवास आहे.

भिंत गेली, आता काय?

अवरक्त रिमोटची तरंगलांबी असते सुमारे ९४० नॅनोमीटर. २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या सुमारे १ लाख ३३ हजार पट. विटांची भिंत अवरक्ताला पूर्ण अडवते. वाय-फायचे तरंग काहीसे क्षीण होऊन पलीकडे जातात. एका अर्थाने आपण बसूंच्या घंटेकडे आणि फिल्कोच्या पेटीकडे परत आलो आहोत. आज्ञा पुन्हा शेजाऱ्याच्या घरात पोहोचते आहे. ती तिथे निरुपयोगी ठरते, कारण ती गुप्त लिपीत आहे आणि त्या लिपीची किल्ली तुमच्या पासवर्डमधून बनते. भिंतीचे काम पासवर्डवर आले.

हे कुलूप नीट लावले नाही तर काय होते, हे २०१६ मध्ये दिसले. ‘मिराई’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, चित्रमुद्रक, राउटर शोधत फिरे आणि कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले पासवर्ड लावून पाही. त्याच्याकडे अशा साठेक जोड्यांची यादी होती. तेवढी यादी पुरली. अशा ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळी मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेक ठिकाणी काही तास मिळेनाशा झाल्या. घरातली यंत्रे घरमालकाच्या नकळत परक्याचा हुकूम ऐकत होती.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. फोनवरून दिवा लावताना आज्ञा नेहमी फोनकडून थेट दिव्याकडे जाते असे नाही. कित्येकदा ती घरातून निघून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तिथून दिव्याकडे परत येते. त्यामुळे परगावाहूनही दिवा लावता येतो, ही सोय खरी. पण मग दिवा कुणाच्या हुकमात राहिला? अमेरिकेतल्या ‘रिव्हॉल्व्ह’ या सुमारे ३०० डॉलरच्या उपकरणाने घरातले दिवे आणि दारांची कुलपे एका ॲपवरून चालत. ती कंपनी २०१४ मध्ये नेस्ट कंपनीने विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी रिव्हॉल्व्हची सेवा बंद केली. उपकरण मोडले नव्हते, वीज होती, फोन होता; पण ज्या संगणकाकडे आज्ञा जायची तो ऐकेनासा झाला. लोकांच्या घरातली धडधाकट पेटी एका दिवसात निकामी झाली. १९५६ च्या स्पेस कमांडच्या कांड्यांना सेलही लागत नव्हता, हे इथे आठवावे.

यावर उपाय शोधले जात आहेत. अनेक कंपन्यांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचे प्रमाण जाहीर केले. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या जाळ्यावरच एकमेकांशी बोलू शकतात आणि नवे उपकरण जोडताना त्याची ओळख पटवली जाते. पत्ता आणि कुलूप दोन्ही लिपीतच घालण्याचा, आणि आज्ञा शक्यतो घरातच ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. टेस्लांनी १९०० साली विचारलेला प्रश्न आणि झेनिथच्या अभियंत्यांनी पाळलेली मर्यादा, दोन्ही त्यात एकत्र येतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

रिमोटचा एलईडी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर कधीकधी अवरक्त अडवणारी गाळणी असते. अशा वेळी पुढचा कॅमेरा वापरावा.

रिमोट टीव्हीकडे न धरता समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे धरा. पुष्कळदा संच तरीही ऐकतो, कारण अवरक्त किरण भिंतीवरून परावर्तित होतात. मग खिडकीची काच, पुठ्ठा, पातळ कागद, तळहात असे एकेक मध्ये धरून कोणते पदार्थ अडवतात याचा तक्ता करा.

एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची बारीक भरीव कांडी नेमकी मध्यभागी दोन बोटांत धरून तिच्या टोकावर हातोडीने हलकेच मारा. सुमारे २,५०० हर्ट्झचा लांबणारा सूर ऐकू येईल. हा सूर मोजायला जर्मनीतील आखेन विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप उपयोगी पडते. कांडी निम्मी केली तर काय होईल? माणसाच्या कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झ धरली, तर किती सेंटिमीटरची कांडी ‘मुकी’ होईल? गणित केल्यावर उत्तर येते साडेबारा.

आणि एक काम घरी नेण्यासाठी. घरात दुरून चालणारी जेवढी उपकरणे आहेत त्यांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे तीन उत्तरे लिहायची. याची आज्ञा भिंतीपलीकडे जाते का? हे उपकरण घरच्या माणसाची आज्ञा ओळखते, की कुणाचीही ऐकते? इंटरनेट बंद केल्यावर ते चालते का? तिसऱ्या प्रश्नासाठी राउटरची इंटरनेटची तार दहा मिनिटे काढून ठेवावी लागेल. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्यावी.